गफ्फारभाऊंनी वाटलेला शब्द

गफ्फारभाऊ सिरोंच्याकडच्या नदीकाठच्या सात गावांचे पोस्टमन. टपाल द्यायचे आणि वाचूनही दाखवायचे. मराठी, तेलुगू, कामापुरती गोंडी, सगळं यायचं. इंग्रजी तेवढं नाही.

१९८३च्या उन्हाळ्यात सातही गावांच्या पाटलांच्या नावे सारखेच खाकी लिफाफे आले. आत इंग्रजी कागद. महिनाभर मोजणीवाले टेकडीवर दुर्बीण लावून होते. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं होतं, "धरण होणार. पाणी येणार तुमच्याकडे."

पहिल्या गावच्या लच्छू पाटलाने विचारलं, "का लिवलं आहे, भाऊ?"

"पानी येनार म्हन्ते. धरन होऊन राह्यलं."

लच्छू हरखला. विहीर होळीलाच आटली होती. त्याने कोंबडा आणला, गफ्फारभाऊंनी स्वतः हलाल केला, दोघे पोटभर जेवले.

पुढच्या गावात शाळेचे हरिदास गुरुजी कागद वाचता वाचता थांबले. त्यांनी शब्दकोश काढला.

"सबमर्जन्स. मूळ लॅटिन. सब म्हणजे खाली, मर्ज म्हणजे बुडवणं."

"सबमरीनमधला सब?" लढाईच्या बातम्यांत गफ्फारभाऊंनी तो शब्द ऐकला होता.

"तोच. पण सबमरीन वर येते, भाऊ. इथी लिवलं आहे, गाव सबमर्जन्समध्ये जाते."

गफ्फारभाऊंनी सायकल मागे वळवली. लच्छू अजून अंगणातच होता.

"पाटील, माह्यं चुकलं. पानी येनार, पन गावावरून. गाव बुडनार."

"कुठवर?"

ते त्यांनाही माहीत नव्हतं. दोघे टेकडी चढले. मोजणीवाल्यांच्या दगडावर लाल रेघ होती. तिथून खाली पाहिलं तर घरं, देवाचं ठाणं, मोहाचे शेंडेसुद्धा रेघेच्या खालीच होते. लच्छूने तापलेल्या दगडावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही.

"जेवतानी तुले माहीत होतं?"

"नाई. अल्लाची कसम."

उरलेल्या गावांत गफ्फारभाऊ आधी अर्थ सांगत, मग लिफाफा देत. हळूहळू घंटी ऐकली की बाया दारं लावू लागल्या. त्यांनी सायकलची घंटीच काढून टाकली. साहेबांकडे दुसरी गावं मागितली. मिळाली नाहीत.

धरण पुढच्या वर्षी आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पण रस्त्याचा अर्ज, नव्या विहिरीचा अर्ज, सगळे तोच शब्द लिहून परत येत. ते परत आणून देणारेही गफ्फारभाऊच. बुडणाऱ्या गावात कोणी मुली देईनात. घरं कोणी शाकारेना. तिसऱ्या पावसाळ्यात लच्छूची भिंत पडली, म्हाताऱ्या आईचा पाय मोडला. तिला बाजेवर घालून तो जंगलापलीकडे सासुरवाडीला गेला, तो परतला नाही.

१९८८पर्यंत लच्छूच्या गावात चाळीस घरांपैकी एकोणीस उरली. त्या वर्षी बरीच पत्रं गफ्फारभाऊंनी 'गाव सोडून गेले' असं लिहून माघारी धाडली. नदी तेव्हाही आपल्या पात्रातूनच वाहत होती.