अप्पांच्या आवाजाचा मोडेम

दुरुस्तीच्या दुकानाचं एक बरं असतं. यंत्रं गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र दुकानातच राहतात! लातुरात माझं आणि सलीमभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. गिऱ्हाइकांची समजूत घालणं माझ्याकडं, यंत्रांची समजूत घालणं त्यांच्याकडं. कुणी चहाला टेकलं आणि मी एक किस्सा काढला, की मागून चार ओढत येतात. त्यातला अप्पांच्या मोडेमचा निघाला की सलीमभाई हातातलं काम खाली ठेवतात, एवढं सांगते.

मोबाइल सगळ्यांच्या हातात आले होते आणि घरातले फोन एकेक करून बंद होत होते, तेव्हाची गोष्ट.

*

अप्पा औशाचे. मोंढ्यात धान्याचे सौदे पुकारण्यात जन्म गेला. त्यांनी इकडं तूर पुकारली की तिकडं किल्ल्यावरची कबुतरं उडायची, असं औशातले लोक सांगतात. अशा माणसाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. दुकानात आले ते हातात पाटी घेऊन. पाटीवर लिहिलेलं होतं, "मोडेम बंद. अक्का वाट बघती."

सोबत मुलगी होती, शैला. तिनं सगळं सांगितलं. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, भोकरला असते. ऐंशी पार केलेली, डोळे पूर्ण गेलेले. तिला चिठ्ठीचा उपयोग नाही, फोटोचा नाही. आवाजच पाहिजे! म्हणून ऑपरेशनच्या आधी शैलानं अप्पांना कॉम्प्युटरपुढं बसवून एकेचाळीस वाक्यं रेकॉर्ड करून घेतली होती. "जेवलो." "औषध घेतलो." "पाऊस हाय का तिकडं?" स्क्रीनवर प्रत्येक वाक्याचं एक बटन. कॉम्प्युटरमधला मोडेम भोकरला फोन लावायचा, अप्पा बटन दाबायचे आणि अक्काला तिच्या भावाचा आवाज ऐकू जायचा. दोन वर्षं रोज संध्याकाळी बहीण-भाऊ असे बोलत होते.

मग दिवाळीला जावईबापू, शैलाचा नवरा, आले. "मामा, तुमची सिस्टीम लई जुनी झाली," म्हणाले आणि हौसेनं नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून गेले. नव्या सिस्टीमनं जुन्या मोडेमला ओळखच दाखवली नाही!

"मग जुनी सिस्टीम परत टाकून देऊ की," मी म्हटलं. "तासाभराचं काम."

अप्पांनी घाईघाईनं पाटी पुसली. लिहिलं, "नको. जावयानं टाकली. त्यांना काही बोलता येत नाही."

सलीमभाईंनी पाटी वाचली आणि म्हणाले, "अप्पा, जावयाला कुणालाच बोलता येत न्हाई. आवाज असून!"

सगळ्यात जास्त शैला हसली.

*

म्हणजे सिस्टीम तीच ठेवायची आणि तिच्याशी पटेल असा मोडेम शोधायचा. आता मुलीला स्थळ शोधणं सोपं, पण हे नको!

तोवर काय करायचं? सलीमभाईंनी अप्पांची वाक्यं मोबाइलमध्ये घेतली आणि फोनच्या रिसीव्हरला मोबाइल चिकटवून वाजवली. पलीकडून अक्का म्हणाली, "विहिरीत उतरलास का रं? आधी वर ये, मग बोल." आणि फोन ठेवून दिला.

मग मला वाटलं, आपणच बोलावं. मी भोकरला फोन लावला. म्हटलं, "अक्का, मी लातूरहून बोलते. अप्पा इथं माझ्या शेजारी बसलेत. ते विचारतात, तुम्ही जेवलात का?"

अक्का म्हणाली, "त्येला म्हणावं, तू विचार."

फोन स्पीकरवर होता, अप्पांनीही ऐकलं. ते पाटीवर काहीतरी लिहायला लागले आणि अर्धवटच पुसून टाकलं.

*

या बटनांच्याही गमती होत्या. शैलानं सांगितलेली ही एक.

"बरं बरं" आणि "बरं झालं" ही दोन बटनं शेजारी शेजारी होती. एकदा अक्का फोनवर सांगत होती, "आपल्या शेजारची गंगाबाई काल गेली रं. चार महिने अंथरुणात होती." अप्पांचा हात हलला आणि त्यांच्याच खणखणीत आवाजात पलीकडं गेलं, "बरं झालं!"

अप्पा घामाघूम! खोडायची सोय नाही, सावरायला वाक्य नाही. एकेचाळीसमध्ये "चुकलं" असं एकही बटन नव्हतं. मोंढ्यातला माणूस, त्याला हे वाक्य रेकॉर्ड करावं वाटलंच नव्हतं!

अक्का म्हणाली, "आसं म्हनू न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पन खरंय तुझं. सुटली बिचारी."

*

मोडेम शोधायला आम्ही आधी लातूरच पालथं घातलं. सलीमभाईंचं म्हणणं एकच होतं, "ताई, अंदरवाला मोडेम सिस्टीम के भरोसे जीता. बाहरवाला अपने दम पे!" म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला नको, बाहेर ठेवायचा, दिवे लागणारा, डब्यासारखा मोडेम पाहिजे. शिवाय तो आवाज पाठवणारा पाहिजे. नव्या दुकानांत विचारलं तर लोक आमच्याकडं काळजीनं बघायचे.

कुणीतरी सांगितलं, सराफ्यात एका शेठजींनी गावात सगळ्यांच्या आधी इंटरनेट घेतलं होतं, त्यांच्याकडं असेल. मी लगेच फोन लावला. शेठजींना जरा कमी ऐकू येत असावं. मी विचारलं, "शेठजी, तुमच्याकडं जुना मोडेम आहे का?"

"मोड?"

"हो, मोडेम. जुना चालेल."

"बाई, मोड आम्ही घेतो. देत न्हाई!" आणि खाड्कन फोन ठेवला.

सराफ जुन्या मोडलेल्या दागिन्यांना मोड म्हणतात. सलीमभाईंनी हे ऐकलं आणि पुढचे आठ दिवस मी काहीही मागितलं, अगदी स्क्रू-ड्रायव्हर मागितला तरी उत्तर एकच, "ताई, घेतो. देत न्हाई!"

*

शेवटी पत्ता लागला तो मुदखेडचा. तिथल्या सुभाषरावांनी गावात पहिला इंटरनेट कॅफे काढला होता. आता त्याच जागेत त्यांचं फुलांचं दुकान आहे. सलीमभाई आणि मी लॅपटॉप घेऊन निघालो. लॅपटॉपमध्ये अप्पांच्या घरात होती तीच नवी सिस्टीम टाकून घेतली होती.

दुकानात शिरल्या शिरल्या सलीमभाईंनी माझा हात दाबला. गुलाबाच्या टोपलीखाली टेकू म्हणून चार डबे लावलेले होते. चारही मोडेम!

सुभाषरावांनी टोपली उचलली, डबे उपरण्यानं पुसले. पहिला लावला, सिस्टीम गप्प. दुसरा लावला, गप्प. तिसऱ्याचा दिवाही लागला नाही. तो बहुतेक मोगऱ्यावर मारलेलं पाणी पिऊन बसला होता. सलीमभाई चौथा लावेनात. हातात धरून नुसते बसले. म्हणाले, "ये नहीं चला तो अप्पा को क्या बोलना, ताई?" त्या माणसाला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. मग त्यांनी "बिस्मिल्ला" म्हणून चौथा जोडला.

स्क्रीनवर नाव आलं. ओळखला!

मी आनंदानं डबा उचलायला गेले, तर सुभाषरावांनी त्यावर हात ठेवला. "न्या तुम्ही. पन आधी एकदा वाजवा."

"काय वाजवू?"

"त्येचा आवाज हो. जोडताना करतो तो. लई वर्षं झाली ऐकून."

सलीमभाईंनी फोनची वायर लावली आणि इंटरनेटचा नंबर फिरवला. टिर्रर, चीं, खर्रर, टुंईं... सुभाषराव गुलाबांमध्ये डोळे मिटून उभे! तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आवो, मेलं होतं ना ते? परत उठलं का?"

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी औशाला गेलो. अप्पांनी धुतलेला सदरा घातला होता, कपाळाला भस्म लावलं होतं. शैलानं कॉम्प्युटर पुसून ठेवला होता. सलीमभाईंनी मोडेम जोडला. बटनं नव्यानं मांडावी लागली, म्हणून त्यांनी जुन्या फोल्डरमधले होते नव्हते तेवढे सगळे आवाज उचलून एका ओळीत लावून टाकले. तपासत बसायला वेळ कुणाला होता? अक्काच्या फोनची वेळ झाली होती.

भोकरला घंटा गेली. अक्कानं उचलला. "हॅलो? कोन हाय?"

अप्पांनी पहिलं बटन दाबलं. "अक्का, मी हाय."

मग अक्का सुरू झाली. कुठं मेला होतास, मी रोज फोनपाशी बसून राहिले, सुनेनं दोनदा चहा गार केला, गुडघा सुजला, म्हैस व्याली. अप्पा "बरं बरं" दाबत होते, अगदी जपून. आणि जपता जपता बाण घसरून ओळीच्या शेवटी गेला. तिथं एक बटन जास्तीचं होतं, बेचाळिसावं. त्याला नावच नव्हतं.

खोलीत अप्पांचा आवाज घुमला. रेकॉर्डिंग बंद झालंय असं समजून कधीतरी बोललेला, जरा दमलेला, घरातला आवाज.

"झालं का गं शैला? एवढ्यात भागंल का? अक्का लई बोलती!"

शैलानं तोंडावर हात ठेवला. अप्पा माउस सोडून मागं सरकले.

मग अक्का म्हणाली, "कोन लई बोलती?"

सलीमभाईंनी डोळे मिटून घेतले.

"मी? मी लई बोलती? तुला बोलायला कुनी शिकवलं रं, मुडद्या? चार वर्साचा होईस्तोवर नुसता 'आ, आ' करायचास. कडंवर घेऊन मी गावभर फिरले, ही चिमनी म्हन, हा कावळा म्हन! अन् आता मी लई बोलती?"

आवाज चिडलेला होता, पण ती हसत होती. हसता हसता रडत होती. दोन वर्षं तीच एकेचाळीस वाक्यं ऐकली होती तिनं.

"बोल ना," अक्का म्हणाली. "गप का झालास? अजून काय म्हनतोस, बोल!"

अप्पांनी आमच्याकडं पाहिलं. पाटी जवळच होती, तिला हात लावला नाही. डोळे पुसले, माउस हातात घेतला आणि तेच बटन परत दाबलं.