न वाजवलेली घंटा

गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाही, अगदी बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते आधी लिहून टाकतो. चार वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात, खऱ्या गोष्टी सांगायच्या स्पर्धेत, ज्या गोष्टीला मला पहिलं बक्षीस मिळालं ती माझी नव्हती. ती अरविंदची होती. आणि अरविंद त्या वेळी माझ्यापासून दहा फुटांवर, वेळ मोजायच्या खुर्चीत, घंटा घेऊन बसला होता. महिन्यापूर्वी नीलावहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले..." आणि माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, तर आता हे फक्त मलाच माहीत आहे. लिहायलाही लाज वाटते. पण आला.

वाघोलीच्या एका कॉलेजच्या कचेरीत आमची टेबलं एकवीस वर्षं शेजारी-शेजारी होती. जाता-येता त्याची स्कूटर, मी मागे. नगर रस्त्यावरच्या कोंडीत ती गोष्ट त्याने मला कितीदा सांगितली असेल. त्याचे वडील शहर बसचे कंडक्टर. अरविंद नुकताच कॉलेजात जाऊ लागलेला, चार मित्रांबरोबर बसमध्ये चढला, तर तिकीट फाडायला समोर वडील. याने मान खिडकीकडे वळवली. वडिलांना कळायचं ते कळलं. त्यांनी परक्यासारखं विचारलं, "आपण कुठं उतरणार?" पोटच्या पोराला 'आपण'! घरी जेवताना त्याबद्दल अवाक्षर नाही. इथवर आलं की अरविंद "पुढचं राहू दे" म्हणायचा आणि उगाच हॉर्न वाजवायचा. पुढचं मला ठाऊक होतं, कारण मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो होतो. शेवटच्या आजारपणात वडिलांना माणसं ओळखू येईनात. उशाशी बसलेल्या अरविंदकडे बघून त्यांनी त्याच सुरात विचारलं, "आपण कुठं उतरणार?" अरविंद म्हणाला, "शेवटच्या स्टॉपला, बाबा. तुमच्याबरोबरच." ते जरा सरकले आणि म्हणाले, "बसा मग."

स्पर्धेत अरविंद स्वतः कधी बोलला नाही. दरवर्षी वेळ मोजायचा. कागद नाही, सहा मिनिटं, आणि गोष्ट खरी, स्वतःची, एवढेच नियम. वाचनालयाची घंटा बिघडलेली, म्हणून हा घरच्या देवघरातली आणायचा. एका निवृत्त प्राचार्यांना त्याने वाक्याच्या मध्यातच थांबवलं होतं. ते चिडले, "अहो, अजून मुद्दा यायचाय!" अरविंद म्हणाला, "तो घरून निघतानाच बरोबर घ्यायचा होता, सर."

माझे वडील बँकेत होते. आमचं कधी मोठ्याने भांडणसुद्धा झालं नाही, मग सांगणार काय? टाळ्या मात्र हव्या होत्या. ऐनवेळी तोंडून निघून गेलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. खोटं आहे ते. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिली होती. अरविंद त्या वर्षी येणारच नव्हता, कात्रजला लग्न होतं. मी मंचावर चढलो आणि बघतो तर हा घाम पुसत खुर्चीत बसलेला, लग्नातून जेवणही न करता आलेला. दुसरी गोष्ट माझ्याकडे नव्हती. "माझे वडील कंडक्टर होते," मी म्हणालो. त्याने मान वर केली. मग मी त्याच्याकडे बघितलंच नाही. सहा मिनिटं होऊन गेली, सात झाली... "बसा मग" म्हणून मी थांबलो, तेव्हा पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसत होतं आणि घंटा त्याच्या हातात तशीच उचललेली होती. नंतर एकांनी विचारलंही, "वडील कोणत्या डेपोला होते आपले?" मी सांगितलं, "कात्रज." परतताना स्कूटरवर अरविंद एवढंच म्हणाला, "छान सांगितलीस." पुन्हा विषय नाही. त्या दोन शब्दांत मी चार वर्षं टोमणा शोधत होतो.

गेल्या आठवड्यात वहिनींपुढे जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. "माहीत आहे मला. चहा घ्या, गार होतोय."

"म्हणजे...?"

"त्या दिवशी घरी आल्या आल्या सांगितलं ह्यांनी. म्हणाले, 'माझ्या तोंडून तो शेवट कधी निघाला नसता, नीला. आज एकदा पुरता ऐकला. घंटा कशी वाजवू?'" मग त्या जरा हसल्या. "पण हेही म्हणाले, 'गाढवाने विचारायला हवं होतं.' मी म्हटलं, बोला ना मग त्याच्याशी. तर म्हणे, मोहन सांगेल स्वतःहून. सांगितलंत तुम्ही. उशीर केलात, एवढंच."

गाढव ऐकून मला इतकं बरं वाटलं! जिना उतरताना लक्षात आलं, एरवी धरून उतरतो त्या कठड्याला हात न लावताच उतरतोय.

घंटा आता पुन्हा वहिनींच्या देवघरात आहे. तिचा दांडा सैल झाला होता, त्याला अरविंदने गुंडाळलेली तांब्याची तार तशीच आहे. वहिनी म्हणाल्या होत्या, "घेऊन जा, यंदा वेळ तुम्ही मोजा." मी आणली नाही. यंदा मी बोलणाऱ्यांत नाव दिलंय. घंटेपाशी वहिनी बसणार आहेत, आणि सहा म्हणजे सहाच, असं त्यांनी बजावलंय. मला तेवढी लागायची नाहीत. त्याच मंचावर उभं राहून, ते वडील माझे नव्हते, अरविंदचे होते, एवढं सांगणं मी अरविंदला देणं लागतो.