गरम इंजिनातली टकटक

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी पोस्टिंग काश्मीरमध्ये, सरहद्दीजवळच्या वर्कशॉपवर होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, गाव कुरुंदा. ड्रायव्हर नायक उत्तम सेनगावकडच्या गोरेगावचा. घरी मेंढरं, आई आणि हा एकुलता.

आमच्याकडे दोन गाड्या होत्या. जुन्या जीपच्या कॅमशाफ्टवर सॉलिड टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उचलणारे ठोकळे. त्यात ठरावीक फट ठेवावी लागते, म्हणून ती कायम टकटक करणार. नव्या अँब्युलन्समध्ये हायड्रॉलिक टॅपेट. तिथे तेलाचा दाब फट भरून काढतो, म्हणून इंजिन शांत. उत्तम जीपला ‘तोंडाळ सासू’ आणि अँब्युलन्सला ‘मुकी सून’ म्हणायचा. मी त्याला बजावलं होतं, ‘‘सासूला भिऊ नको. गरम झाल्यावर सून बोलायला लागली, तर भी. तेलाचा दाब गेला समज.’’

एका दुपारी पोटात तोफगोळ्याचं स्प्लिंटर लागलेला जवान खाली इस्पितळात न्यायचा होता. उत्तम, पेशंट आणि नर्सिंग असिस्टंट अँब्युलन्समध्ये पुढे, मी जीपमध्ये मागे. मधला रस्ता शत्रूच्या थेट नजरेत. तिथे थांबायचं नाही, असा हुकूम होता. वळणावर रेडिओ वाजला.

‘‘दादा, सून टकटक करून राहिली. ओव्हर.’’

‘‘तेलाचा दिवा?’’

‘‘लाल.’’

थांबलो तर गोळे पडणार. नाही थांबलो तर इंजिन जाम होऊन पुढे उघड्यावरच अडकणार, आणि तो जवान जाणार.

‘‘बंद कर. पेशंट जीपमध्ये.’’

आम्ही स्ट्रेचर जीपमध्ये सरकवलं. पेशंट आणि नर्सिंग असिस्टंट चढल्यावर फक्त ड्रायव्हरची जागा उरली.

‘‘तू चालव,’’ मी म्हणालो.

‘‘न्हाई दादा. सासूचा क्लच तुमालाच जमतो. मधीच अडली तर पोरगं मरंल. मी येतो पायी.’’

ते खरंच होतं. मी गिअर टाकला. पहिला गोळा मागे पडला, मग दुसरा. मान वळवायची हिंमत झाली नाही. इतकं भ्यायलो मी जन्मात कधी नव्हतो.

जवान वाचला. उत्तमचा देह त्याच वळणावर सापडला.

सुट्टीत गोरेगावला गेलो. उत्तमच्या आईला सगळं सांगितलं. तिने हातातला पाला मेंढरांपुढे टाकला.

‘‘त्या लेकराच्या मायला कळलं का, त्ये जितं हाय म्हून?’’

‘‘व्हय, माय.’’

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘एकीचं तरी घरी आलं.’’