उचलण्यापुरती ताकद

हिरामणआबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका पोत्याला मिठी मारून उभे होते. धुळ्याला देवपुरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर समोरच्या बैठ्या घराच्या ओट्यावर सत्तरी ओलांडलेला एक काटक म्हातारा दिसला. पुढ्यातल्या बाजेवर वाळूने भरलेलं पोतं होतं. त्यांनी गुडघे वाकवले, दोन्ही हात पोत्याखाली सारले, ते छातीशी घेतलं आणि सावकाश उभे राहिले. तसेच चालत ओट्याच्या दुसऱ्या टोकाच्या खुर्चीपर्यंत गेले आणि ते इतक्या हलक्या हाताने टेकवलं, की आत वाळू आहे हे खरं वाटेना. दम घेतला, आणि पुन्हा पोतं बाजेवर. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असं मला वाटलं.

तेव्हा माझ्या कमरेचं दुखणं वाढलं होतं. शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं, घरी येऊन स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहायचं. डॉक्टरांनी घरच्या घरी करायचे व्यायाम सांगितले. मी चटई आणली, मोबाईलवर व्हिडिओ शोधले. त्यातली मुलगी हसत हसत म्हणायची, चला, आज छान वाटतंय ना? मला काही छान वाटत नसे. चार दिवस जोर असायचा, मग चटई कपाटामागे जायची. म्हाताऱ्याचं पोतं मात्र चुकत नव्हतं. ओळख झाल्यावर एकदा मी विचारलंच, आबा, रोज रोज कंटाळा नाही का येत?

"येस ना," ते म्हणाले. "रोज येस. त्याले बी संगे लेवानं नि करानं." कंटाळ्यालाही सोबत घ्यायचं, हे मला जरा वेळाने उमगलं.

आबा साक्रीकडचे. उमेदीची वर्षं सूतगिरणीत काढली, पण बोलणं गावचंच, अहिराणी राहिलं. शब्द मोजके, आणि समोरच्याला ते कळले की नाही याची फिकीर नाही.

पोत्याचा अर्थ मला त्यांच्या घरात गेल्यावर कळला. आतल्या खोलीत अलका होती, त्यांची धाकटी मुलगी. चाळिशीकडे झुकलेली, जन्मापासून हातपाय आखडलेले. तिला सगळं समजे, पण तिचं बोलणं फक्त आबांना कळे. तिला बाजेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, पुन्हा बाजेवर, असं दिवसभर कुणीतरी उचलून न्यावं लागे. आई होती तोवर नवरा-बायको दोघं मिळून उचलत. आई गेली आणि आबा एकटे पडले. एकदा न्हाणीतून आणताना त्यांच्या हातातलं बळच गेलं. अलका खाली आली, आबाही तिच्याशेजारी. दोघांनाही उठता येईना. दूधवाल्याने हाक ऐकली तोवर ती थंड फरशीवर पडून होती. तिला लागलं काही नाही, पण दातावर दात वाजत होते. आबांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांची नजर जमिनीवरून हलली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी पांझरा नदीतली वाळू आणून पोतं भरलं होतं. अलकाचं वजन वाढलं की ते आणखी वाळू घालत.

सकाळचा व्यायाम दाराशी खुर्चीत बसून अलका बघत असे. आबा मध्येच टेकले, की ती तोंडाने एक आवाज काढायची. मी विचारलं, काय म्हणते? आबा म्हणाले, "कामचोर म्हनस माले." आणि उठले. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

एका सकाळी अंगात ताप असताना ते पोतं उचलत होते. चेहरा तांबडालाल, पाय लटपटत होते. मी रस्ता ओलांडून गेले आणि रागावले. एक दिवस सुट्टी घेतली तर काय आभाळ कोसळणार आहे, असं काहीतरी म्हणाले. आबांनी पोतं खुर्चीवर ठेवलं.

"तिले का सुट्टी शे?" ते म्हणाले. "मंग माले कशी?"

तरीही न राहवून मी अलकाला एखाद्या संस्थेत ठेवण्याविषयी सुचवलं. ते चिडले नाहीत. एक संस्था ते बघून आले होते, तिला सोबत नेऊन. तिथली माणसं चांगली होती, स्वच्छता होती, जेवण गरम होतं. "पन त्यास्नी तिले पोतासारखं उचलं," एवढंच ते म्हणाले. ते स्वतः पोतं कसं उचलतात ते मला आठवलं आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांचं देवाकडे एकच मागणं होतं, आणि ते कुठल्याही बापाने मागू नये असं होतं. तिच्या आधी आपण जाऊ नये.

ते मागणं पुरं झालं. त्या वर्षीच्या थंडीत अलकाला खोकला झाला आणि तो छातीत उतरला. आधीच तिचं खाणं कमी झालं होतं, ती पार वाळली होती. आबांनी मात्र पोत्यातली वाळू कमी केली नाही. मी म्हटलं, आता पोतं तिच्यापेक्षा जड झालंय. ते म्हणाले, "ती परत भरी." ती भरली नाही. दवाखान्यातून तिला घरी आणलं ते शेवटचंच.

अंगणात तिरडी बांधली गेली. भाऊबंद गावाकडून आले होते. तिला बाहेर आणायला दोघे-तिघे पुढे झाले, तेव्हा आबांनी हात आडवा केला. ते बाजेपाशी गेले. गुडघे वाकवले, हात तिच्या पाठीखाली सारले, छातीशी घेतलं आणि सावकाश उभे राहिले. दारातून तिरकं होऊन, तिचं डोकं चौकटीला लागू न देता, बाहेर आणून ठेवलं. इतक्या वर्षांची सगळी मेहनत जणू त्या चार पावलांसाठीच झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून ओटा रिकामा. तेरावं झाल्यावर मी चहा घेऊन गेले. आबा भिंतीला टेकून बसले होते, पाठ पोक काढून. मी म्हटलं, आबा, अंग मोकळं ठेवा, थोडं का होईना करत जा. त्यांनी कप खाली ठेवला.

"आते कोनले उचलानं शे?"

पुढे थोरली मुलगी निर्मला त्यांना जळगावला घेऊन गेली. तिचा नवरा तिथे पाइपच्या कारखान्यात आहे. वर्षभराने माझीही जळगावला बदली झाली, तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. मी ओळखलं नाही. दंड सुकून काठीसारखे झाले होते. स्वतःहून कूसही बदलवत नव्हती. निर्मला त्यांना उचलून बसवत होती आणि ते डोळे मिटून तिला तसं करू देत होते. मी नाव सांगितल्यावर त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "कंबर कशी शे?" मी म्हटलं, आता रोज करते, आबा. ते खरं होतं. मन लागत नाही, तरी करते. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले.

उन्हाळ्यात ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा निर्मला दारातच बसली होती. शेवटी शेवटी आबा इतके हलके झाले होते, ती म्हणाली, की त्यांना उचलायला ताकद अशी लागतच नव्हती.

"थोडी लागती ना ताई," ती म्हणाली, "तर मला बरं वाटलं असतं."