शेठचा एक तृतीयांश

सन २००२, जानेवारी, बुधवार, सकाळी अकरा. ठिकाण : दुबई, रास अल खोर, ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपचं ऑफिस. हजर : मयत मालकाचा मुलगा, वय सव्वीस; वर्कशॉपचा फोरमन; एक एजंट; आणि मी. नोकरीत शेकडो प्रकरणं हाताळली, पण त्या दिवसाचा शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे.

मी रीतसर परवानगी काढून दुबईशेजारच्या अजमानला मुलीकडे रजेवर गेलो होतो. तिथे माझा अधिकार शून्य. मयत शेठ आणि फोरमन दोघे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, माझ्या जुन्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या एकाच गावचे. मी आल्याचं कळताच फोरमन आदल्या संध्याकाळी फ्लॅटवर आला. खबर त्याचीच.

“साहेब, शेठनी वसीयत केली होती. एक तृतीयांश गावात बाळंतपणाच्या दवाखान्याला, बाकी घरच्यांना. मला स्वतः बोलले होते. आता हा एजंट दुसरा कागद घेऊन आलाय. त्यात अर्धी मिळकत त्याच्या ट्रस्टला!”

“मग शेठनी विचार बदलला असेल.”

“शेठ? नमाजी माणूस! वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या वर वसीयत चालत नाही, हे आमच्या मोहल्ल्यात पोरंसुद्धा सांगतील. म्हणून तर तो उद्या धाकट्या शेठची संमतीची सही घ्यायला येतोय.”

ते गाव मी पाहिलेलं होतं. अडलेल्या बाईला तालुक्याला न्यायला दीड तास लागायचा, तोही जीप मिळाली तर. मुलाने सही केली की तो दवाखाना कागदावरच संपणार होता.

सकाळी मी चार गोष्टी वहीत लिहिल्या, दोन वकिलांना फोन केले आणि ‘गावाकडचे काका’ म्हणून ऑफिसात जाऊन बसलो.

एजंट आला तो घाईतच. त्याचं सरकारी अर्ज-कागद करून देणारं टायपिंगचं दुकान होतं. “हबीबी, सही करा, विषय खलास. नाहीतर वारसा कर लागेल. चाळीस टक्के! म्हणजे तीन लाख दिरहम, रुपयात एकोणचाळीस लाख. अर्धं दानात दाखवलं की सगळं माफ.”

मुलगा माझ्याकडे वळला. “अंकल, ही हॅज प्रूफ.”

प्रूफ म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण. मी चष्मा लावून वाचलं. दानाच्या हिश्शावर वारसा कर नाही, असं त्यात खरंच छापलेलं होतं. कात्रण खरं होतं, देश वेगळा होता. ते ब्रिटनचं होतं. इथे असा कर मुळातच नाही, आणि आपल्याकडचा मृत्युकर १९८५ सालीच बंद झाला, हे वकिलांनी मला सकाळीच सांगितलं होतं.

पण मी ते लगेच बोललो नाही. संशयिताला आधी मोकळं बोलू द्यावं.

“शेठनी सही तुमच्यासमोर केली?”

“माझ्या दुकानात, काका.” तारीख त्याने कागद न बघता सांगितली.

“वेळ?”

“दुपारी पाऊण. नंतर आम्ही एकत्र जेवलो. बिर्याणी मागवली होती.”

मी खिशातली डायरी काढली. मागच्या पानावर गेल्या वर्षाचं कॅलेंडर होतं. त्या तारखेवर बोट ठेवून डायरी फोरमनपुढे सरकवली.

तो मोठ्याने हसला. “शुक्रवार! अरे, शुक्रवारी पाऊण वाजता शेठ मशिदीत पहिल्या रांगेत असायचे, माझ्या शेजारी. आणि तुझं शटर कधीपासून जुम्म्याच्या वेळी उघडं राहायला लागलं?”

“मग... गुरुवार असेल.”

“तारीख चुकली तर कागदही चुकला,” मी म्हणालो. “आता त्या करासाठी कोणत्या खात्यात पावती मिळते, तेवढं सांगा.”

त्याने कागदाकडे हात नेला. फोरमनचा तळवा त्यावर आधीच पडलेला होता.

मुलाने पेन खाली ठेवलं. फोरमनने त्याला दवाखान्याचं सांगितलं. “बाबा मला दवाखान्याबद्दल कधी काही बोललेच नाहीत,” तो म्हणाला. त्या सकाळचं त्याचं हे पहिलं मराठी वाक्य.

कागद घेऊन मुलगा आणि फोरमन तिथल्या पोलिसांकडे गेले. पुढचं काम त्यांचं. शेठच्या वकिलाकडचं मूळ मृत्युपत्र मान्य झालं आणि तीन वर्षांनी दवाखाना उभा राहिला. उद्घाटनाला मी गेलो, तेव्हा आत एक बाळ रडत होतं, त्यामुळे भाषणं कोणालाच नीट ऐकू आली नाहीत.

खोटं बोलणारा तारीख पाठ करतो, वार बघत नाही, हे मी नवीन अधिकाऱ्यांना नेहमी सांगत आलो. पण त्या प्रकरणातला माझा खरा धडा वेगळा. दान कागदावर लिहून भागत नाही. ते घरच्यांना समोर बसवून, मोठ्याने सांगावं लागतं. शेठ मुलाशी तेवढं एक बोलले असते, तर एजंटला दारातूनच परत जावं लागलं असतं.

निवृत्तीनंतर मी माझं मृत्युपत्र लिहिलं. त्यातला छोटा हिस्सा त्याच दवाखान्याला आहे. मुलीला फोनवर वाचून दाखवलं, बायकोला समोर बसवून. “झालं अभद्र बोलून? आता गॅसचा नंबर लावा,” बायको म्हणाली. शेजारच्या मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही केली. दुसऱ्या साक्षीदारासाठी तिघांना विचारलं. तिघेही म्हणाले, “साहेब, एवढ्यात कशाला?”

ती जागा अजून कोरी आहे. रविवारी चौथ्याकडे जायचं आहे.