पोटातलं ओठांवर आणणाऱ्या शेंडे मॅडम

डॉ. शेंडे मॅडम यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. नागपुरात पोटाच्या विकारांवर उपचार करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा डॉक्टरांना आजही त्यांच्यासमोर उभं राहिलं की छाती दडपते.

मी त्यांना प्रथम पाहिलं ते सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात. भिवापूरची एक बाई पोटातल्या जळजळीने बेजार होऊन दाखल झाली होती. चेहरा पांढराफटक पडलेला. मिरचीच्या गावची म्हणून येईल त्याने मिरचीलाच दोष दिला होता. आम्ही विद्यार्थी खाटेभोवती उभे होतो. मॅडम आल्या, थंडीचे दिवस म्हणून आधी स्वतःचे तळहात एकमेकांवर चोळले आणि मगच तिच्या पोटावर हात ठेवला. दाबताना नजर पोटाकडे नव्हती, तिच्या चेहऱ्याकडे होती.

"मिरची सोडली जी, तरी जळजळ जात नाही," बाई म्हणाली.

"घुडघे दुखतात काय वं तुझे?"

आम्ही चमकलो. पोटाच्या तक्रारीत गुडघे कुठून आले?

"लय दुखतात. मेडिकलवाला गोळी देते, तेच घ्या लागते रोज. सकाळी उपाशीपोटीच."

"अन् संडास कशी होते? रंग सांग."

बाईने पदर तोंडाला लावला. मॅडम वाट पाहत राहिल्या. शेवटी ती पुटपुटली, "काळी. डांबरावानी."

दुर्बिणीच्या तपासणीत जठरात अल्सर दिसला. वेदनाशामक गोळ्यांनी झालेल्या त्या जखमेतून रक्त झिरपत होतं. रक्त पचून बाहेर पडतं तेव्हा विष्ठा काळी होते, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. पण माणसाला कसं विचारायचं, हे पुस्तकात नव्हतं. त्या गोळ्या बंद झाल्या, औषधं सुरू झाली आणि बाई बरी होऊन गावी गेली.

रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर मॅडम खापरखेड्याच्या कामगार वसाहतीत व्याख्यानं देऊ लागल्या. तिथल्या त्यांच्या बोलण्याला व्याख्यान तरी कसं म्हणावं! "कामाची पाळी सुटल्यावर तर्री-पोहे हाणता अन् लगेच आडवे होता. मग आंबट पाणी घशाशी येते, त्यात नवल काय?" असं म्हणत सभा हसवायच्या. लोक सैलावले की आवाज गंभीर व्हायचा. गॅस, अपचन, बद्धकोष्ठ यांचं मूळ बहुतेकदा जेवणाच्या वेळांत, कमी पाण्यात नि काळजीत असतं. पण घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, डोळे पिवळे झाले असतील, शौचाची जुनी सवय अचानक बदलली असेल किंवा रक्त दिसत असेल, तर घरी बसू नका, हे त्या परोपरीने सांगायच्या.

हे सारं मी दुरून पाहत होतो. मग ते माझ्या घरात आलं.

माझे वडील कामठीत पॉवरलूमवर काम करत. माझ्या मुलीच्या बारशाला मॅडम आमच्या घरी आल्या होत्या. पंगतीत वडील आग्रह करत फिरत होते. मॅडमनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. पुढचं बोलणं वडिलांनीच मला नंतर सांगितलं.

"भाऊ, सदरा काहून एवढा ढगळ झाला?"

"वय झालं जी. अन् थोडी मूळव्याध आहे. रगत पडते."

"कोणाले दाखवली?"

"दाखवाची लाज वाटते."

"पोरगा डॉक्टर आहे तुमचा. त्याले सांगितलं?"

"पोराले असं काय सांगाचं!"

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी त्यांना आपल्या खाजगी दवाखान्यात तपासलं. मूळव्याध नव्हतीच. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात कर्करोगाची गाठ होती. अजून पसरली नव्हती, शस्त्रक्रियेने निघण्यासारखी होती. पण आतड्याची जोडणी भरून येईपर्यंत काही महिने पोटावर मलाची पिशवी लावावी लागेल, असं शल्यविशारदांनी सांगताच वडील उठून उभे राहिले. "पिशवी लटकवून चारचौघांत बसू काय? त्यापेक्षा मेलेलं बरं." आई रडली, मी हात जोडले. ते ऐकेनात.

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. "उद्या माझ्या दवाखान्यात येऊन नुसते बसा," एवढंच म्हणाल्या.

वडील सकाळपासून त्यांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मॅडम रुग्ण तपासत होत्या, उठत होत्या, वाकत होत्या, चहा घेत होत्या. दुपारी शेवटचा रुग्ण गेल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, माझ्यात काही वेगळं दिसलं काय आज?"

"नाही जी."

मॅडमनी साडीवरूनच कमरेजवळ हात दाबला. आत प्लास्टिक चुरचुरलं. तीच पिशवी, त्याच जागी, कोमट पाणी भरून त्यांनी सकाळपासून स्वतःच्या पोटावर लावली होती.

वडील खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "तारीख घ्या जी ऑपरेशनची."

मी दाराशी उभा होतो. इतकी वर्षं ज्यांच्याजवळ शिकलो, त्या बाईंची उंची मला त्या दुपारी कळली. आजाराचं नाव सांगणारे पुष्कळ असतात. त्याची लाज स्वतःच्या अंगावर घेऊन पाहणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली, पुढे पिशवीही निघाली. वडील आता चौकातल्या हॉटेलात बसून ओळखीच्या-अनोळखी माणसांना बेधडक विचारतात, "रगत तं नाही पडत ना गा? पडत असन तं लाजू नको, चाल माझ्यासंगं." त्यांनी अशी कितीतरी माणसं तपासणीला आणली.

मॅडम, तुमच्या या अमृतमहोत्सवी वर्षी देवाकडे मोठं काही मागत नाही. तुम्हाला रोज कडकडून भूक लागो, खाल्लेलं अंगी लागो, रात्री शांत झोप येवो आणि सकाळी पोट हलकं असो. माणसाला याहून मोठं सुख नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. ते तुम्हाला पुढची खूप वर्षं भरभरून मिळो.