शालूच्या राज्यातला डोंगर

आमच्या घरी एकाच देशाचे दोन नकाशे होते आणि तो देश पृथ्वीवर कुठंच नव्हता.

सत्तरच्या दशकात आम्ही धरमपेठेत भाड्यानं राहत होतो. आमची आठ वर्षांची शालू मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली होती. तिचा वेळ जावा म्हणून दिवसा माझी बायको कुसुम आणि संध्याकाळी मी, मनानंच रचलेल्या एका राज्याच्या गोष्टी सांगायचो. (मी भूगोलाचा मास्तर, म्हणजे गोष्टीतही आधी दिशा सांगणारा.) कुसुमनं कॅलेंडरच्या पाठीवर त्या राज्याचा नकाशा काढून दिला. त्यात राजापेक्षा गोष्टीतल्या म्हातारीची बकरी मोठी होती. मला ते बघवेना. मी ड्रॉइंगच्या कागदावर शाईनं दुसरा काढला. उत्तर दिशा, प्रमाण, सगळं चोख.

शालूनं दोन्ही नकाशे पांघरुणावर शेजारी मांडले.

“बाबा, आईच्या गोष्टीत म्हातारीले महालातला नगारा ऐकू येते. तुमच्या नकाशात तं मधात डोंगर आहे.”

मी पट्टी लावली. “चाळीस मैल. नाही ऐकू येणार. आईचा नकाशा चूक आहे.”

“चूक काहून जी?” स्वयंपाकघरातून कुसुम म्हणाली. “तुम्ही जाऊन आले का तिथं?”

“नकाशाले प्रमाण लागते वं.”

“म्हातारीचे कान तिखट आहेत.”

शालू मात्र गंभीर झाली. “नगारा ऐकू नाही आला तं म्हातारी उठणार कशी? दुश्मन येऊन राहिले ना.” आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताप नुकताच उतरला होता. आता पोटात अन्न गेलं पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कुसुमनं पेज आणली, पण शालू तोंड उघडेना. म्हातारीचं आधी ठरू द्या, म्हणे. डोंगर असा मनाला येईल तसा हलवता येत नाही, हे मी तिला सविस्तर समजावलं. वारा कुठून येतो, पाऊस कुठं अडतो, तेही सांगितलं.

कुसुमनं वाद घातला नाही. शालूचं मनगट हातात घेऊन तिनं माझ्यापुढं धरलं. माझा फाउंटन पेन त्याहून जाड वाटला.

“हलवा जी तो डोंगर,” ती हळूच म्हणाली.

मी ब्लेड घेतलं आणि शाई खरवडायला बसलो. शाई निघाली, तिच्याबरोबर कागदही निघाला. जिथं डोंगर होता तिथं भलंमोठं भोक पडलं.

मग शालूनं त्या भोकातून बोट घालून पलीकडे हलवलं आणि कित्येक दिवसांनी खुदकन हसली.

“बाबा, तुम्ही तं पाताळच खोदलं.” नकाशाला कान लावून तिनं ऐकल्यासारखं केलं. “उठली म्हातारी.”

तिनं तोंड उघडलं. कुसुम चमच्यानं भरवत राहिली, आणि दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी वर्गात डोंगरांची झीज हा धडा होता. डोंगर नाहीसा व्हायला लाखो वर्षं लागतात, हे वाक्य मी एरवी छाती काढून म्हणायचो. त्या दिवशीही म्हटलं. फक्त शेवटी, खिडकीकडे बघत, हळूच जोडलं, “बहुतेक वेळा.”